दोन बोटांमधली जागा

अमुगे, आधी हात धू. सुई नंतर.
घाई सुईला नसते,
आपल्याला असते.

इकडे ये. माझ्याच कमरेवर शीक.
मांस आटलंय माझं, हाडं आपण होऊन बोलतात.
ही डावी बाजू, म्हणून तुझा उजवा हात.
मनगटाजवळचा तळवा ठेव इथे,
मांडीचं हाड जिथून बाहेर डोकावतं.
गोटीसारखं लागतंय? तेच.
तर्जनी पुढे, कमरेच्या हाडाच्या टोकावर.
आता मधलं बोट मागे ने, हाडाच्या काठाकाठाने,
ताण. अजून ताण.
झाली बघ बेचकी,
पोरं आंबे पाडायला घेतात तशी.
त्या बेचकीत टोचायचं.
इथून मोठी नस जात नाही, मोठी रक्तवाहिनी नाही.
नुसतं मांस, बिनबोभाट.

आम्हाला असं नव्हतं शिकवलं.
फळ्यावर एक गोल, गोलावर फुली,
चार भाग; वरचा, बाहेरचा आपला.
फळ्यावरचा गोल चांगला मोठा होता.

ओक्वालिंग तीन वर्षांचा होता.
टेसोतली गुरं ज्या वर्षी गेली, त्याच्या पुढचं वर्ष.
दूध नव्हतं, पोरांच्या अंगावर मांस कुठलं?
चिंचेखाली रांग, त्याला फणफणून ताप,
आई म्हणाली, गोळी नको, सुई दे.
सगळ्यांना सुईच हवी असायची.
आणि मलाही वाटायचं, सुई दिली म्हणजे काहीतरी दिलं.
मी त्याला उपडा धरला.
नाही, आईने धरला. हे मी दर वेळी चुकते.
मुठीएवढा कुल्ला. त्याचे चार भाग कुठे करणार?
क्विनिन.
तो ओरडला. सगळेच ओरडतात.
डावा पाय झटकला त्याने,
तो शेवटचा.

ताप उतरला. पोरगं वाचलं.
आईने मला कोंबडी आणून दिली.
मी ती खाल्ली.

मग नाचणी पेरायच्या दिवसांत
दवाखान्यापासून हापशापर्यंतच्या धुळीत दिसायला लागलं:
एक पाऊल, मग एक रेघ.
एक पाऊल, मग एक रेघ.
मी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून
अंगण झाडायचे, आणि अंगणाबरोबर
वाटसुद्धा.

आता तो कुमीच्या बाजारात टायरच्या चपला करतो.
डाव्या चपलेला पुढे जास्तीचा थर, स्वतःपुरता.
माझ्याकडून पैसे घेत नाही.
म्हणतो, सिस्टर, तुम्ही वाचवलंत मला.
मी पैसे टोपलीखाली सरकवून येते
आणि नव्या चपला घरी तशाच ठेवते. अकरा जोड झालेत.

खिडकीतून बघ. रांगेत तिसरा, निळ्या सदऱ्याचा.
त्या पायाला दुखलेलं कळत नाही,
खिळा रुतला तरी चालत राहिला, जखम चिघळली.
पेनिसिलिन आहे, पाच दिवस.
तो आधी विचारेल, कुल्ल्यावर नाही ना?
या भागात सगळे विचारतात. हसू नकोस.
त्याचंच बोट धरून हाड चाचपू दे त्याला,
त्याची जागा त्याला दाखव. मग टोच.
आणि उजव्या बाजूला दे.
म्हणजे हात कुठला? बरोबर, डावा.
बाजू बदलली की हात बदलतो.

एक वाक्य आहे, एकतीस वर्षं तोंडात घोळतंय.
इंजेक्शन झाल्यावर तू दोन मिनिटं बाहेर जा,
कापूस आणायला, कशालाही.
कापूस इथेच आहे, मला माहीत आहे.

तोवर पुन्हा कर. या बाजूला. डोळे मिटून.
तळवा. तर्जनी. मधलं बोट.
थरथरतंय?
थांब, हात काढू नकोस.
ते माझं अंग आहे,
तुझा हात नव्हे.